लागींच

एजंट रोकी म्हणाला, पाच मिनिटं, बाई, लागींच.
त्याच्या मिनिटांना दोन चाकं होती आणि एक भोंगा.
मी मागे बसले, पर्स पोटाशी धरून.
फातोर्ड्याचं मैदान गेलं, मग एक शेत,
शेतात बगळे, आणि बगळ्यांच्या मधोमध सहा मजले.
गॅलरीत काय वारा होता!
खाली मात्र कोथिंबिरीची काडी मिळेल
असं काहीच नव्हतं.

मला गाडी येत नाही.
डावा डोळा बाविसाव्या वर्षी विझला.
सांगलीच्या डॉक्टरांनी लायसन्सचा फॉर्म
घडी घालून परत दिला, वर चहा पाजला.
तेव्हापासून माझं गाव माझ्या पायांएवढं.
सांगलीत ते पुरायचं.
गोव्याला बदली झाली म्हटल्यावर ज्यानं त्यानं विचारलं,
घरापासून समुद्र किती लांब?
मी विचारत होते,
रात्री साडेआठला दूध नासलं तर?

दुसऱ्या रविवारी रोकीला फोन केला नाही.
मडगावच्या बाजारात एकटी शिरले
आणि स्वयंपाकघर नसताना खरेदी केली:
दोन किलो कांदे, नारळ, लाल भोपळ्याची फोड,
तेलाची पिशवी, काखेत केरसुणी.
भाजीवाली म्हणाली, सोयरे येतले?
म्हटलं, आधी घर यायचंय.

ओझं घेऊन चालल्याशिवाय रस्ता कळत नाही.
रिकाम्या हातांशी सगळेच रस्ते गोड बोलतात.

आके. फूटपाथ आहे, पण तो स्कूटरांचा.
गटारावरची एक लादी हलते, तीही डावीकडची,
म्हणजे माझ्या नसलेल्या बाजूची.
बोर्ड्याला चढ. नारळ बोलायला लागला.
मालभाटात आंब्याखालून तीनशे पावलं, अगदी सुखाची,
मग भाडं ऐकलं
आणि कांदे दोनाचे चार किलो झाले.

पाजीफोंडच्या वळणावर पिशवीचा बंद तुटला.
भोपळा वाचला.
कांदे उताराला लागले, शाळा सुटल्यासारखे,
थेट एका दुकानात, रंध्याच्या भुशात.
आत एक म्हातारा पेटीला पांढरं सॅटिन ठोकत होता.
तोंडात चुका, म्हणून बोलला नाही.
कांदे एकेक वेचून एका झाकणात ठेवले
आणि ते झाकण माझ्यापुढे धरलं.
शेवटचा कांदा उचलल्यावर कळलं
झाकण कसलं.

इनास त्याचं नाव. वरची खोली रिकामी होती.
कोण रावना, म्हणाला,
खालचा माल बघतात आणि जिनाच चढत नाहीत.
मी विचारलं, केमिस्ट?
त्यानं हात केला. दिसत होता. मलासुद्धा.
पाव? सकाळी दारात.
बस? कंडक्टरची शिटी इथवर येते.
मासळी? वारा पडला की सांगेल.
आणखी एक गोष्ट अगदी लागींच होती,
तळमजल्यावरच,
तिच्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही.

आईला फोनवर सांगितलं, खाली सुताराचं दुकान आहे.
खोटं नाही.
ऑफिस आठशे चाळीस पावलं,
डबकी चुकवत गेलं तर नऊशे.
काही दिवशी रंधा रात्रीही थांबत नाही.
अशा रात्री मी मोजत नाही, कूस बदलते.

परवा दूध नासलं.
घड्याळ पाहिलं, आठ पस्तीस. हसूच आलं.
चपला घातल्या, दिवा लावून जिना उतरू लागले
तर प्रत्येक पायरीच्या डाव्या कडेला
पांढरा पट्टा, ओला अजून,
पेट्यांवरच्या क्रुसाला लावतात त्याच रंगाचा.
डोळ्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं.
इनास दुकानात पाठमोरा, ब्रश रॉकेलमध्ये बुचकळत.

मीही काही विचारलं नाही.
दूध घेऊन सात मिनिटांत परत आले.
माझ्या मिनिटांनी.